मला कामावरून काढतात तव्हा

पहिल्यांदा मला कामावरून काढलं तव्हा मी खरंच घरी गेल्ते. पर्स घेतली, डबा घेतला, जिना उतरले, रिक्षात बसायचं बी सुचलं न्हाई, रडत रडत चालत घरी आले आन् आमच्या ह्यांना सांगितलं की गेली माही नोकरी. हे बिचारे स्टीलच्या कारखान्यातून रातपाळी करून आलेले. डोळे न उघडताच म्हणले, "गेली त गेली, झोपू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन. "मॅडम, काहून आल्या न्हाई? अर्धी सुट्टी लावू का?"

मी म्हणलं, "सर, तुम्ही काढलं ना काल."

"अहो ते गिऱ्हाइकासमोर व्हतं! या जल्दी."

तर ही आमच्या कंपनीची पद्धत. गिऱ्हाईक भांडायला आलं की सर कोणाला तरी एकाला त्याच्यासमोर काढतात. जोरात ओरडायचं, टेबलावर हात आपटायचा, "आत्ताच्या आत्ता निघा" म्हणायचं. ज्याला काढलं त्यानं मान खाली घालायची, पर्स उचलायची, जिना उतरून समोरच्या चहाच्या टपरीवर बसायचं. गिऱ्हाइकाला वाटतं, बापरे, आपल्यापायी एका माणसाची नोकरी गेली, मंग ते थंड होतं, कधी कधी त्यालाच वाईट वाटतं. ते गेलं की आमच्या हापिसातली ताई गॅलरीच्या कठड्यावर पायपुसणं टाकते. पायपुसणं दिसलं की वर यायचं. झालं. पुन्हा कामाला.

कंपनी म्हणजे लई मोठी समजू नका. जुन्या जालन्यात बियाण्याच्या दुकानावर दोन खोल्या. सोयाबीनच्या बियाण्याचा औषधी वास दिवसभर नाकात. पाटीवर लिव्हलंय सॉफ्टवेअर सोल्युशन्स, त्याच्या खाली 'जालना – पुणे'. पुण्यात आमचं काय बी न्हाई. सरांचा साडू राहतो तिकडं, तेवढंच. आधी दोन पोरं व्हते कोडिंगला, ते मात्र खरोखर पुण्याला गेले, म्हणजे पाटी तशी अगदीच खोटी न्हाई. आता राह्यलो आम्ही तिघं. सर, मी आन् ताई. ताई फोन उचलते, बिलं करते, माह्यापेक्षा बरीच मोठी हाय, तिच्या तोंडाला कुलूप न्हाई.

आन् मी डेव्हलपर. हसू नका. बीसीएचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलं, लग्न झालं, सासरच्या गावाहून, धावड्याहून, इथं आले, भाड्याची खोली, मंग पोरगी झाली. सरांनी मुलाखतीत इचारलं, "कोडिंग येतं का?" मी म्हणलं, "थोडं." सर म्हणले, "थोडंच लागतं." हे मात्र सर खरं बोलले. पण मला भ्याव लई. स्क्रीनवर लाल अक्षरं आली की मी आधी ताईला हाक मारते. लाइट गेली की वाटतं मीच घालवली. बटण दाबायच्या आधी मी मनातल्या मनात देवाचं नाव घेते आन् दाबलं की डोळे मिटते, मंग एक डोळा उघडून बघते.

नोकरी मला आवडते असं न्हाई. काय आवडायचं त्यात? सगळ्या कंपनीत एकच प्रोग्राम हाय, दूध डेअरीचा, तो त्या पळून गेलेल्या पोरांनी केल्ता. तोच आम्ही सगळ्यांना विकतो. कोणी आलं, जिनिंगवाला, क्लासवाला, पतपेढीवाला, की सर म्हणतात, "मॅडम, शब्द बदला." मी दिवसभर शब्द बदलत बसते. दूध काढून कापूस टाका, लिटर काढून क्विंटल टाका. एका क्लासवाल्याच्या स्क्रीनवर पोरांच्या नावापुढं 'गाय की म्हैस' इचारून राह्यलं व्हतं. तो म्हणला, "बराबर हाय, राहू द्या."

पण नोकरी सोडली तर मी दिवसभर त्या एका खोलीत, पोरगी आन् मी, आन् आत्याबाई, म्हणजे माही सासू, आल्या की त्या, आन् मंग त्या म्हणणार चल धावड्याला, खोलीचा खर्चा काहून? आन् एकदा गेले की गेले. मला ते पक्कं माहीत हाय. म्हणून नोकरी कशी का असंना, मला पाहिजे. दुसरी कोण देतं अर्ध्या बीसीएला?

तर झालं असं. आत्याबाई पोरीला सांभाळायला आमच्याकडं राह्यल्या व्हत्या. दिवाळी झाली आन् त्यांनी पिशवी भरली.

मी म्हणलं, "आत्याबाई, आठ दिवस तरी थांबा."

"तुही कंपनी काय पळून चालली का? सारा कापूस फुटलाय. येचायला बाया भेटून न्हाई राह्यल्या."

"मंग पोरीला नेता का संगं?"

"दूध तू पाजणार आन् पोरगी मी नेऊ? दूध काय फोनवरून पाठवशील?" असं म्हणून त्या गेल्या बी.

पहिल्या दिवशी मी पोरीला हापिसात नेलं. नऊ महिन्याची, रांगते, जे दिसंल ते तोंडात घालते. तिनं माऊसची वायर चघळली. सर आले, बघितलं, आन् शांतपणे म्हणले, "मॅडम, ही आयटी कंपनी हाय, अंगणवाडी न्हाई. पुन्हा पोरगी इथं दिसली तर तुम्ही बी दिसू नका."

आन् तव्हा समोर गिऱ्हाईक कोणीच न्हवतं. म्हणजे खरं. सर ओरडले असते तर मला काय वाटलं नसतं. ते हळू बोलले म्हणून मी भ्याले.

मंग काही दिवस ह्यांनी सांभाळलं. रातपाळी करून यायचे आन् पोरीला पोटावर घेऊन झोपायचे. ती त्यांच्या मिशा उपटायची, हे झोपेत हसायचे. पण पाळी बदलली, दिवसपाळी लागली. शेजारीण लग्नाला गेल्ती. तुळशीचं लग्न झाल्यापासून सारा जालना लग्नालाच गेल्ता. माह्याकडं दुसरा रस्ता न्हवता. सर जेवणाआधी येतच न्हाईत, मी म्हणलं, सकाळपुरतं नेते, आतल्या खोलीत ताईच्या टेबलाखाली झोपवते, दुपारचं दुपारी बघू.

ताई म्हणली, "आण. मी पाय वर घेऊन बसते. पण तिनं बिलं खाल्ली तर सरांना तूच सांग."

पोरगी झोपली. मी जरा श्वास घेतला. तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. पुढं एक जाडजूड शेठ, पांढरे कपडे, घामानं ओले, आन् मागं धापा टाकत आमचे सर. शेठला मी वळखलं. मंगल कार्यालयवाले. त्यांना आम्ही पावसाळ्यात प्रोग्राम विकला व्हता, बुकिंगचा. म्हणजे दुधाचाच. लिटर काढून पाहुणे टाकलं. सकाळ-संध्याकाळ तशीच ठेवली, लग्नं बी सकाळ-संध्याकाळच असतात. ते तर लई छान बसलं. फॅट काढायची राह्यली व्हती. शेठचा मॅनेजर महिनाभर फोन करून राह्यला व्हता की पाहुण्यांची फॅट कशी मोजायची.

शेठनं खिशातून दोन लग्नपत्रिका काढल्या आन् टेबलावर आपटल्या.

"वाचा."

सरांनी वाचल्या. मागून बी बघितल्या.

"एकच तारीख, एकच मुहूर्त, एकच हॉल, माहा! आता सांगा, दोन नवरदेव एकाच घोड्यावर बसवू का? आन् अंतरपाट धरल्यावर कोणाची नवरी कोणती, कसं कळणार?"

"ज्याची त्यानं वळखावी," ताई हळूच म्हणली. मला हसू यायला पाहिजे व्हतं, आलं न्हाई, कारण मला तव्हाच समजलं काय झालं ते. डेअरीत दहा दिवसाला दुधाचे पैसे वाटतात. पैसे वाटले की प्रोग्राम जुना हिशेब बंद करतो, खालच्या कप्प्यात सरकवतो आन् पाटी कोरी करतो. दुधाला ते बराबर हाय. पण लग्नाला? शेठचा मॅनेजर तारीख लिव्हून घ्यायचा, दहा दिवस झाले की तारीख गायब, पाटी कोरी. दुसरं कोणी आलं, त्यानं बघितलं, रिकामी हाय, दिली. माह्या डोळ्यापुढं साऱ्या जालन्याच्या नवऱ्या उभ्या राह्यल्या.

आन् सर सुरू झाले. "मॅडम! हे काय करून ठेवलं तुम्ही? शेठच्या इज्जतीचा सवाल हाय! आत्ताच्या आत्ता निघा!" टेबलावर हात. सगळं रोजच्यासारखं. मी मान खाली घातली, पर्स उचलली, बराबर दाराकडं निघाले, आन् सरांचा हात आपटल्याच्या आवाजानं आतमधी पोरगी उठली. असं भोकाड पसरलं, असं पसरलं, खालचा बियाण्याचा हमाल वर बघून राह्यला असंल.

मी काय करणार? आत गेले, तिला काखेत घेतलं, बाहेर आले.

सरांचा चेहरा बघितला. आधीचा राग नाटकातला व्हता, तो मला पाठ हाय, त्यात डाव्या भुवईला काम असतं. आता भुवई हलली न्हाई. "मी तुम्हाला काय सांगितलं व्हतं?" सर म्हणले. "बिलकुल येऊ नका आता. बिलकुल."

बिलकुल हा शब्द आमच्या नाटकात न्हवता.

जिना उतरले. टपरीवरच्या मावशीनं इचारलं, "काढलं का?"

"काढलं."

"कमी साखरेचा?"

"हो."

मावशीनं पोरीकडं बघितलं. "आज लेकराबाळासंगट काढलं? हे नवीन हाय."

मला एकदम रडू आलं. म्हणलं, "मावशी, आज खरं हाय का खोटं, मला समजून न्हाई राह्यलं." मावशी म्हणली, "चहा पी आधी. खरं असलं तरी पैसे तेवढेच लागतेत."

मी बाकड्यावर बसले, पदराखाली पोरीला घेतलं आन् वर कठड्याकडं बघत बसले. पायपुसणं न्हाई. लई वेळ झाला, न्हाईच. शेठ वरच बसून व्हते. नेहमी माणूस निघाला की गिऱ्हाईक शांत होतं आन् जातं, पण ह्या शेठला शांतता नको व्हती, तारखा पाहिजे व्हत्या. आन् सरांनी कोडला कधीच हात लावलेला न्हवता. ज्या एकीला त्यातलं थोडंफार समजायचं तिला तर काढलं. परत बोलवायचं कसं? नाटक उघडं पडतं.

मंग माहा फोन वाजला. सरांचा नंबर. घाबरत उचलला.

"हॅलो, पुणे ऑफिस का?"

मी म्हणलं, "सर, मी हाय."

"हां नमस्कार सर, जालन्याहून बोलून राह्यलो. आपल्या कार्यालयाच्या प्रोग्राममधी एक अडचण हाय सर."

मला समजलंच न्हाई. मंग समजलं. पुण्याचा साहेब म्हणजे मी. टपरीवर, पोरगी अंगावर, चहाचा ग्लास गुडघ्यावर, आन् मी पुण्याचा साहेब. पण माह्या डोक्यात एकच गोष्ट व्हती.

"सर, मला खरंच काढलं का?"

"हो सर, हो सर."

"म्हणजे कायमचं?"

"न्हाई सर... म्हणजे ते नंतर बघू सर. आधी सांगा कुठं बदलायचं."

मागून शेठचा आवाज आला, "काय म्हणून राह्यलेत ते?" सर म्हणले, "इचार करून राह्यलेत."

इचारच करून राह्यले व्हते. मी आयुष्यात कोणाला अट घातली न्हाई. भाजीवाल्याला बी मी भाव कमी करा म्हणत न्हाई, तो म्हणंल तेवढं देते. पण पोरगी दूध पीत व्हती आन् आत्याबाई कापूस येचत व्हत्या आन् उद्या बी दिवसपाळीच व्हती. माह्या तोंडातून आपोआप निघालं. "सर, उद्यापासून पोरगी माह्यासंगं येईल. आत झोपंल. हो म्हणा, मंग सांगते."

मला वाटलं, मेले. फोन बंद करावा वाटला. आन् तेवढ्यात पोरीनं दूध सोडलं, फोनकडं बघितलं, फोन तिला पाहिजे व्हता, मी दिला न्हाई, तर ती थेट त्याच्यातच किंचाळली.

शेठ म्हणले, मला सारं ऐकू येत व्हतं, "पुण्याच्या साहेबाच्या मांडीवर लेकरू हाय का हो?"

सर म्हणले, "मॅडम हाय तिकडं. वर्क फ्रॉम होम करतेत ना शेठ."

"असं का. मंग पुण्याच्या बाईला लेकरू चालतं, आन् जालन्याच्या बाईला काहून हाकललं?"

नंतर ताई सांगत व्हती, सरांच्या तोंडाकडं बघून तिला पदर तोंडात कोंबावा लागला. मंग सरांचा आवाज आला, लई बारीक. "हो सर. चालंल सर. आणू द्या सर."

मंग मी सांगितलं. म्हणजे जेवढं मला आठवत व्हतं तेवढं. दहा शोधा. "दहा लई ठिकाणी हाय सर." जिथं वर हिशेब बंद लिव्हलंय तिथलं. "सापडलं सर. किती करू?" मला काय माहीत किती करायचं? ते काढून टाकलं तर दुसरं काय कोसळंल ते बी माहीत न्हवतं. म्हणलं, "हजार करा."

सरांनी हळूच इचारलं, "हजार दिवसांनी काय होईल?"

"सर, तवर त्या दोन्ही नवऱ्यांना लेकरं झालेली असतील."

सरांनी बटण दाबलं. मी इकडं टपरीवर डोळे मिटले. मंग एक डोळा उघडला. वर शेठचा आवाज, "आल्या! आल्या बगा साऱ्या!" सगळ्या जुन्या तारखा खालच्या कप्प्यातून वर आल्या व्हत्या. आणखी एक दोन तारखांना बी दोन दोन लग्नं निघाली, पण ती लांबची व्हती. पत्रिका छापायच्या आधी समजलं म्हणून शेठ उलट खूशच झाले. त्या दोन पत्रिकावाल्यांतल्या एकाला त्यांनी तिथूनच फोन लावून संध्याकाळच्या गोरज मुहूर्ताला पटवलं. "सकाळी ऊन लागतं वऱ्हाडाला," म्हणले. नोव्हेंबरात ऊन!

थोड्या वेळानं शेठ जिना उतरले. मी पदर सावरून तोंड दुसरीकडं केलं, पण ते सरळ टपरीवरच आले. पोरीकडं बघितलं, माह्या हातातल्या फोनकडं बघितलं.

"पुण्याहून लवकर पोहोचल्या मॅडम."

मला जमिनीत जावं वाटलं. शेठनं चहा सांगितला आन् बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. बाकडं त्यांच्याकडं कललं.

"भिऊ नको पोरी. माह्याकडं बी हाच धंदा हाय. वरमाय बोंबलली की मी आचाऱ्याला काढतो, साऱ्यांसमोर. तो गच्चीवर जाऊन बिडी ओढतो. वरमाय शांत झाली की खाली येतो."

मी लई हिंमत करून इचारलं, "शेठ, त्याला खरंच कधी काढलं का?"

"काढलं ना एकदा. लई डोकं फिरलं व्हतं माहं, खरंच काढलं. पण त्याला वाटलं नेहमीचंच हाय. बसला गच्चीवर जाऊन."

"मंग?"

"मंग काय? संध्याकाळच्या पंगतीला आला खाली आन् भाजी फोडणीला टाकली. आता जो माणूस गेलाच न्हाई त्याला काढणार कसं?" शेठनं चहा बशीत ओतून पिला, पोरीच्या गालाला बोट लावलं आन् गेले.

मी वर बघितलं. कठड्यावर पायपुसणं अजून बी न्हवतं. ताई विसरली व्हती का सरांनी टाकू दिलं न्हाई, मी आजपर्यंत इचारलं न्हाई. मावशी म्हणली, "थांब, इशारा झाला न्हाई." मी म्हणलं, "मावशी, मी गेलेच न्हाई तर इशारा कशाला?" असं मी म्हणले खरं, पण जिना चढताना छातीत अशी धडधड व्हती की पोरगी माह्या छातीला कान लावून ऐकून राह्यली व्हती.

सर खुर्चीत बसले व्हते. मी आत गेले, पर्स ठेवली, पोरीला टेबलावर बसवलं. उघड उघड. ताई श्वास धरून बघत व्हती.

सर म्हणले, "मॅडम, मी तुम्हाला काढलं व्हतं."

"हो सर."

"खरं काढलं व्हतं."

"हो सर. ती फॅट काढायची राह्यली हाय, शेठच्या प्रोग्राममधली. काढू का?"

सरांनी पोरीकडं बघितलं. पोरीनं सरांच्या पेनाकडं बघितलं. सरांनी पेन उचलून खिशात ठेवलं आन् म्हणले, "काढा. आन् हिला की-बोर्डपासून लांब ठेवा."

आता पोरगी रोज येते. कंपनी तशीच हाय, मी तशीच शब्द बदलत बसते, सध्या घनसावंगीच्या एका ऊसवाल्यासाठी दुधाचा ऊस करून राह्यले. तो मागच्या आठवड्यात भांडायला आल्ता. सर उठले, हात आपटला, "मॅडम, आत्ताच्या आत्ता निघा!" मी मान खाली घातली. आन् टेबलावर बसलेल्या पोरीनं सरांकडं बघून, खळखळून हसत, ऊसवाल्याला टाटा केला. तिला वाटतं सरांचा हात आपटला की फिरायला जायचं. ऊसवाला हसायला लागला, ताई हसायला लागली, सरांचं सारं नाटक गेलं. मी मात्र न हसता तिला उचललं आन् जिना उतरले. काढलं म्हणजे काढलं, टपरीवर बसावं लागतं.